भट्टीपर्यंतच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
नगर परिषद, ऐन लूझा
(तथा पदसिद्ध प्रमुख, ज्येष्ठ नागरिक हालचाल वृद्धी कार्यक्रम)

अर्जदार: मिलूदा बेनकद्दूर, वय ७४ वर्षे, विधवा, जन्म-मृत्यू नोंदणी कक्षातून निवृत्त कारकून, राहणार पायऱ्यांचा मोहल्ला, वरचा टप्पा.

विषय: पायऱ्यांच्या मोहल्ल्यातील सार्वजनिक रोटभट्टीला सील ठोकल्यामुळे तेथील वृद्ध स्त्रियांचे चालणे बंद पडल्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यक्रमाचा पाऊलमोजणी अहवाल, जून.
२) माझे यापूर्वीचे अर्ज, दि. ९ सप्टेंबर, २६ सप्टेंबर व १७ ऑक्टोबर.
३) त्यांना आलेली आपली उत्तरे. त्यांना उत्तरे म्हणावे का, हा प्रश्न प्रस्तुत अर्जात घेतलेला नाही.

महोदय,

सलाम, आणि सलामानंतर लगेच विषय. मी एकतीस वर्षे आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर बसून या गावातले जन्म आणि मृत्यू हाताने नोंदवले आहेत. अर्ज कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर सरकतो, कुठे त्याच्यावर चहाचा ग्लास टेकवला जातो आणि कोणत्या कपाटात त्याला कायमची झोप लागते, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून मागच्या तीन अर्जांत सढळ हाताने वापरलेले ‘कृपया’ आणि ‘सहानुभूतीपूर्वक’ हे शब्द या वेळी मी जपून वापरणार आहे. मुद्दा एका बाईच्या पायांचा आहे. माझी शेजारीण बत्तूल झरहूनी, वय ७९, जिला मोहल्ला मानाने ‘लल्ला’ म्हणतो, हिला तपासून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी १६ ऑक्टोबरला सांगितले, की महिन्याभरात ही बाई उठून चालू लागली नाही, तर पुढे ती चालणार नाही. ती खुर्चीला खिळली ती आपल्या हालचाल वृद्धी कार्यक्रमामुळे. ते कसे घडले हे आपण वाचलेच पाहिजे, कारण अहवालावर सही आपली आहे.

१. कार्यक्रमाच्या हेतूशी माझे भांडण नाही. म्हाताऱ्या माणसांनी घरात आणि मोहल्ल्यात हिंडतेफिरते राहावे, बसून बसून गंजू नये, हे मला पटते. आमच्या आयांनाही पटत असे, फक्त त्यांनी त्याचा कार्यक्रम केला नव्हता. मार्चमध्ये आपले समन्वयक सी नौफल आमच्याकडे आले आणि साठीच्या पुढच्या सव्वीस बायकांना मनगटावर बांधायचा एकेक काळा पट्टा देऊन गेले. दिवसभरात किती पावले पडली ते हा पट्टा तीन महिने मोजणार, असे त्यांनी समजावले. माणूस सालस आहे, बूट दाराबाहेर काढून आत आला. “खाल्ती, नुसतं हातात घालायचं,” तो सख्ख्या मावशीला सांगावे तसे म्हणाला, “बाकी तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. सगळं आपोआप होतं.” त्यावर लल्ला बत्तूलने विचारले, “तीन महिने काहीच करायचं नाही? मग रोट कोण मळणार, तुझी आई?” सी नौफल हसले, दोन ग्लास चहा आणि तिळाच्या चार वड्या घेऊन गेले. तो प्रश्न मात्र त्यांनी लिहून घेतला नाही. घेतला असता तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

२. यानंतर जी चूक झाली ती आमची होती, हे मी लेखी मान्य करते. पीठ मळताना आमच्यातली कोणतीही बाई हातात काही ठेवत नाही. अंगठी निघते, बांगड्या निघतात, घड्याळ निघते. कणकेत काही सापडले तर त्या घराचे नाव सात घरांत निघते, आणि रबराचा काळा पट्टा सापडला असता तर ते गावभर झाले असते. तेव्हा सकाळी सातला पट्टा निघायचा. मळून झाले की रोट थापायचे, फळीवर मांडायचे, फडक्याने झाकायचे आणि फळी डोक्यावर घेऊन भट्टीकडे निघायचे. हाताला पीठ असताना सरकारची वस्तू कोण बांधणार? परत आले की कालवणाची तयारी, मग नमाजाआधी हातपाय धुण्याचा वुज़ू, त्यातही मनगट मोकळे लागते. मग दुपारी भाजलेले रोट आणायला पुन्हा भट्टी. निजायच्या वेळी मात्र सगळ्यांना सी नौफलची आठवण व्हायची आणि आम्ही तो पट्टा इमानदारीने बांधून झोपायचो. म्हणजे तीन महिने आम्ही चालत होतो आणि पट्टा खिळ्याला, साखरेच्या डब्याला किंवा पुदिन्याच्या कुंडीला बांधलेला होता. आपण आमची पावले मोजली नाहीत. आपण खिळ्याची, डब्याची आणि कुंडीची पावले मोजलीत.

३. अपवाद एकच, तो आपल्या अहवालात ठळक अक्षरांत आहे. आमच्या मोहल्ल्यातली लल्ला यामना ही दिवसाला एकोणीस हजार पावले चालते आणि ती ‘संपूर्ण शहरातील सर्वाधिक सक्रिय ज्येष्ठ महिला’ आहे, असे आपण जाहीर केलेत. लल्ला यामनाचे खुब्याचे हाड दोन वर्षांपूर्वी मोडले. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. ती गच्चीवर बसून अर्ध्या मोहल्ल्याचे ताक घुसळते. तिपाईला टांगलेली बकरीच्या कातड्याची पिशवी दोरीने पुढे-मागे हलवायची, असे ते काम आहे, आणि पट्टा हरवू नये म्हणून तिने तो त्या दोरीलाच अडकवून ठेवला होता. आपले लोक प्रमाणपत्र द्यायला आले तेव्हा ती अंथरुणावर होती. त्यांनी ते उशाशी ठेवले, फोटो काढला आणि गेले. एकालाही विचारावेसे वाटले नाही, की बाई, तुम्ही उठत का नाही? लल्ला यामना मला म्हणाली, “मिलूदा, ताकानं एवढं चालायला नको होतं गं. आता मला पळायला सांगतील.”

४. जूनमध्ये अहवाल आला. लल्ला यामनाला वगळून पायऱ्यांच्या मोहल्ल्यातील उरलेल्या ज्येष्ठ महिलांची सरासरी दिवसाला २१२ पावले, शेरा: ‘अतिनिष्क्रिय’. खाली शिफारस: या वस्तीत तातडीने व्यायाम केंद्र उभारावे, आणि जागा म्हणून ‘कमी वापराची जुनी भट्टी’ घ्यावी. धुराचेही कारण जोडलेले आहे. हमामची, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराची, भट्टी याच गल्लीत चौपट धूर सोडते. पण हमामला आपल्या परिषदेतले सभासद जातात, म्हणून त्या धुराला वास येत नसावा. २ सप्टेंबरला आपली माणसे आली. त्यांनी भट्टीच्या तोंडावर पत्रा ठोकला, तारेला शिशाचे सील लावले आणि पुढच्या दालनात, जिथे आमच्या फळ्या रांगेत ठेवलेल्या असायच्या, तिथे चार यंत्रे आणून ठेवली.

५. आता खरी पावले. लल्ला बत्तूलच्या दारापासून भट्टीपर्यंत अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत. सकाळी भरली फळी घेऊन उतरायचे, रिकाम्या हाताने चढायचे, दुपारी पुन्हा उतरायचे, रोट घेऊन चढायचे. माझे घर तिच्याही वर आहे. आपल्या पट्ट्यावर माझा भरवसा उरला नसल्याने मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः मोजणी केली होती. दर शंभर पावलांना एक हरभरा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा, अशी पद्धत ठेवली. सरासरी एकतीस हरभरे आले. ते या अर्जासोबत पुरचुंडीत जोडले आहेत, कार्यालयाने भिजत घालू नयेत.

दुसरा पुरावा भट्टीवाला मुअल्लिम बूशता. तो बावीस वर्षे त्या भट्टीच्या तोंडाशी खड्ड्यात उभा राहून आमचे रोट भाजत आला. वही ठेवत नाही, सगळे डोक्यात. कोणाच्या रोटावर तीन बोटांची टोचणी, कोणाच्या रोटावर चमच्याची रेघ, कोणाचे फडके कोणते, हे तो सांगतो आणि चुकत नाही. एखादी फळी साडेनऊपर्यंत आली नाही, तर तो गल्लीत उभा राहून ओरडायचा, “अगं, वरच्या टप्प्याची निळ्या फडक्याची फळी कुठाय? कुणीतरी दार वाजवा!” दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले होते, ती या एका हाकेमुळे दहा मिनिटांत सापडले. खिळ्याला टांगलेल्या आपल्या पट्ट्याला मी तीन दिवस तशीच पडून राहिले असते तरी कळले नसते. हा माणूस आता आपल्या केंद्राचा ‘परिचर’ आहे. यंत्रांवरची धूळ झटकणे, हे त्याचे काम. धूळ बसते, कारण यंत्रांवर दुसरे कोणी बसत नाही.

६. केंद्राविषयी. वेळ दुपारी दोन ते चार, जेव्हा या गावात कुत्रीही सावली सोडत नाहीत. बायकांसाठी फक्त गुरुवार. सोबत खेळाचे बूट, डॉक्टरांचा दाखला आणि दोन फोटो. यंत्रांपैकी एक चाक नसलेली सायकल आहे, आणि एक सरकता पट्टा आहे, ज्यावर माणूस चालतो पण पुढे सरकत नाही. मी स्वतः त्यावर चढून पाहिले, कारण न पाहता तक्रार करण्याची मला सवय नाही. अकरा मिनिटे चालले. उतरले तर तिथेच. मुअल्लिम बूशता कोपऱ्यातून बघत होता. “काय लल्ला मिलूदा, पोचलात का?” त्याने विचारले. मी म्हटले, “अजून नाही, पण घाम आला.” तो म्हणाला, “माझ्या भट्टीपाशी घाम यायचा तेव्हा हातात काहीतरी असायचं.” पहिल्या महिन्यात केंद्रात एकूण तीन नोंदण्या झाल्या. त्यांतली एक माझी आहे, एक सी नौफलच्या आत्याची, आणि तिसरी कोणाची ते बूशतालाही आठवत नाही, यावरून ती झाली नसावी.

७. माझ्या पहिल्या अर्जाला आपण उत्तर दिलेत, की तो ‘संबंधित विभागाकडे’ पाठवला आहे. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात ‘घरच्या घरी व्यायाम’ हे रंगीत पत्रक जोडून आले. त्यात पांढऱ्या केसांची एक परदेशी बाई घट्ट विजार घालून अर्धा लिटर पाण्याच्या दोन बाटल्या उचलते आणि खूप हसते. ती कशाला हसते हे आमच्यापैकी कोणालाही कळले नाही. आमच्या मोहल्ल्यात सहा रोटांची फळी डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या बाईला बाटली उचलायला सांगणे हा अपमान आहे, आणि तो आपण चार रंगांत छापलात. तिसऱ्या उत्तरात मात्र आपण मनातले बोललात. मी ते शब्दशः उतरवते: ‘भट्टीकडे चालत जाणे ही कार्यक्रमाच्या व्याख्येनुसार शारीरिक हालचाल ठरत नाही, कारण सदर चालण्यामागे घरगुती हेतू आहे.’

महोदय, हे वाक्य मी रोज एकदा वाचते. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कागद पाहिले. जिवंत माणसाला मृत ठरवणारे पाहिले, एकाच बाळाला दोनदा जन्माला घालणारेही पाहिले. पण ज्याच्या चालण्याला कारण आहे त्याचे चालणे बाद, आणि जो उगाच चालतो तोच चालला, असे म्हणणारा कागद पहिल्यांदा पाहिला. आम्ही कोणत्याही दिवशी हेतूशिवाय घराबाहेर पडलेलो नाही. ती आमची रीत आहे. सत्तरी ओलांडलेली बाई नुसतीच गल्लीतून हिंडू लागली, तर तिच्या सुनेला लोक विचारतात, “तुझ्या सासूचं डोकं ठीक आहे ना?” फळी डोक्यावर असली की कोणी काही विचारत नाही. उलट वाट देतात.

८. याच कारणाने लल्ला बत्तूल बसली. मी सांगते ते डोळ्यांदेखत झालेले आहे. तिची आणि माझी भट्टीची वाट छप्पन्न वर्षांची. नव्या सुना म्हणून आम्ही त्या पायऱ्या एकत्र उतरलो, पोटुशा असताना उतरलो, आपापल्या नवऱ्यांना पुरल्यानंतर चाळीसाव्या दिवशी उतरलो. भट्टी बंद झाली त्या दिवशी तिचा मुलगा तैबी, जो कर्तव्यदक्ष आहे आणि म्हणून धोकादायक आहे, दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीतले पाव घेऊन आला. “आई, आता तुला काही दगदग नाही,” तो म्हणाला. पहिले चार दिवस ती सकाळी उठून फळी पुसून ठेवायची. पाचव्या दिवशी पुसली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. सप्टेंबर संपेपर्यंत खुर्चीतून पलंग आणि पलंगातून खुर्ची, एवढेच उरले, आणि मधल्या चार पावलांना तिला तैबीचा खांदा लागू लागला.

मी रोज जाऊन तिला उठवायचा प्रयत्न केला. “चल, जरा चालून येऊ,” मी म्हणायची. “कुठं?” “कुठं नाही. नुसतंच.” “नुसतंच कोण जातं? येड लागलंय का तुला?” मी आपले पत्रक वाचून दाखवले. ती म्हणाली, “ती बाटलीवाली बाई कुणाची कोण? तिला घरी काम नाही का?” मग मी खोटे बोलू लागले. मीठ संपले आहे, तुझ्याकडचे आणून दे, म्हटले. तिने तैबीबरोबर किलोभर मीठ पाठवले. त्या आठवड्यात माझ्या घरी तिने पाठवलेले मीठ, जिरे, दोन लिंबे आणि एक जिवंत कोंबडी जमा झाली, आणि ती खुर्चीतच होती. १६ ऑक्टोबरला डॉक्टरीणबाईंनी महिन्याची मुदत सांगितली. त्यांनी बाहेर येऊन मला विचारले, “यांना चालायला आवडेल असं काही आहे का?” मी म्हटले, “आवडायचा प्रश्नच नव्हता. जावं लागायचं.” दुसऱ्याच दिवशी मी तिसरा अर्ज दिला. त्याचे उत्तर वर आलेच आहे.

गेल्या शुक्रवारी मी गेले तेव्हा तिने माझा हात धरला आणि सांगितले, “मिलूदा, पाय माझे आहेत पण मला ऐकत नाहीत. आता सोड.” मला भीती वाटली. एकतीस वर्षांत मी मृत्यूच्या नोंदी लिहिताना कारणाच्या रकान्यात ‘वार्धक्य’ असे हजारदा लिहिले असेल. त्या शुक्रवारी मला पहिल्यांदा शंका आली, की त्यांतल्या कितींना नुसते जाण्याचे ठिकाण उरले नव्हते.

९. आता कबुली. काल, सोमवार दि. १३ नोव्हेंबर रोजी सकाळी पावणेसातला मी घरचा पितळी बत्ता घेऊन केंद्रात गेले आणि भट्टीच्या पत्र्यावरचे आपले शिशाचे सील तोडले. एकटीने. तिसऱ्या घावात तुटले, आपल्या कार्यालयाने दर्जा तपासावा. मुअल्लिम बूशता तेव्हा सायकलीची धूळ झटकत होता. तो तीनदा म्हणाला, “लल्ला, नको. माझी नोकरी जाईल.” याची नोंद घ्यावी. मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि त्याने ते मिटले. त्यानंतर भट्टी कोणी पेटवली हे मी सांगू शकत नाही, कारण मीही मिटले होते. उघडले तेव्हा ऑलिव्हचा चोथा आणि सुताराकडचा भुसा चांगला धडाडला होता.

धूर वर चढला. आमच्या मोहल्ल्यात तो आधी खालच्या टप्प्याला लागतो, मग बत्तूलच्या खिडकीला, मग माझ्या. साडेसातला तैबी पायऱ्यांवरून धावत खाली आला. “मिलूदा खाल्ती, आईला काय सांगितलंस? ती पीठ मागतेय!” मी काहीही सांगितले नव्हते. मी वर गेले, तेव्हा ती खुर्चीतच बसून मांडीवर परात घेऊन मळत होती. बाह्या वर, मनगटे मोकळी, आणि तोंडाने शिव्या. शिव्या कोणाला ते लिहीत नाही, आपण पदावर आहात. दोनच रोट झाले, तेही वाकडे. फुगू दिले. साडेनऊला ती म्हणाली, “धर.” मी धरले. ती उभी राहिली. पाय असे थरथरत होते की जमिनीवरची चटई हलत होती.

तैबीने फळीला हात घातला. “आई, फळी मी नेतो. तू हळूहळू ये.” तिने त्याच्याकडे पाहिले. “तू नेलीस तर मी कशाला जाऊ?” महोदय, हाच माझा सगळा अर्ज आहे. चार पाने मी लिहिली ती या वाक्याच्या शेजारी ठेवली तर फाडून टाकता येतील. तिने फळी कमरेवर घेतली, दुसरा हात भिंतीला लावला आणि पहिली पायरी उतरली. मी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, मागे मागे उतरत होते, म्हणजे पडलीच तर माझ्यावर पडली असती. गल्लीतल्या बायका दारात आल्या आणि आपण बघत नाही असे दाखवत उंबरे पुसत राहिल्या. काही उंबरे तीनदा पुसले गेले. सात ठिकाणी ती थांबली. एका ठिकाणी बसली, तेव्हा मला वाटले संपले. ती म्हणाली, “रोट आंबून जातील, मला ओढ.” अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांना पंचावन्न मिनिटे लागली. मला रडू आले. त्याची नोंद घेण्याची गरज नाही, पण ते आले.

मुअल्लिम बूशताने खड्ड्यातून मान वर केली. त्याला काय वाटले असेल ते त्यालाच ठाऊक, तोंडाने तो एवढेच म्हणाला, “उशीर केलात आज, लल्ला बत्तूल.” ती म्हणाली, “तुझ्याकडे दहा आठवडे उशीर आहे, तू मला शिकवतोस?” आणि तिने फळी ठेवली. कुठे ठेवली ते सांगते, कारण मालमत्ता आपली आहे. आपल्या सरकत्या पट्ट्यावर. त्याच्यावर एका वेळी पाच फळ्या नीट मावतात. यंत्राला इजा झालेली नाही, फक्त पीठ सांडले आहे.

१०. सबब, पुढीलप्रमाणे कळवते. मी कळवते म्हणते, मागत नाही, कारण मागून तीन वेळा झाले.

सील मी तोडले. मुअल्लिम बूशताचा, तैबीचा किंवा सी नौफलचा त्यात हात नाही. सी नौफल काल अकराला आले, त्यांनी रांग पाहिली, गरम रोटाचा तुकडा लोण्याबरोबर खाल्ला आणि ‘मी आज आलोच नव्हतो’ असे सांगून गेले. ते आले नव्हते, असे मीही लिहून देते.

भट्टी आज पेटली आहे, उद्या पेटेल आणि त्यापुढे रोज. शुक्रवारी उशिरा, कारण त्या दिवशी घरोघरी रव्याचा कुस्कुस शिजवायचा असतो. आपली चार यंत्रे आपण केव्हाही न्यावीत. न्यायला माणसे मात्र चालत आणावीत, या पायऱ्यांवर गाडी येत नाही, हे केंद्र उभारताना कोणाच्या लक्षात आले नव्हते असे ऐकते. सील पुन्हा लावायला कोणी आले, तर आम्ही सव्वीसजणी भट्टीच्या दारात बसू. बसण्यात आम्ही निष्णात आहोत, असा आपल्याच कार्यालयाचा अहवाल आहे. लल्ला यामनाला आम्ही खुर्चीसकट उतरवून आणू. आपल्या प्रमाणपत्रानुसार ती आमच्यात सर्वांत चपळ आहे, तेव्हा तिला पुढे ठेवण्यात येईल.

नगर परिषदेच्या मालमत्तेची मोडतोड केल्याबद्दल माझ्यावर गुन्हा दाखल करायचा असल्यास अवश्य करावा. कलम कोणते लागते ते मी पाहून ठेवले आहे, आपल्या लिपिकाला विचारल्यास सांगेन, त्याला मीच कामाला लावले होते. पोलीस ठाणे खालच्या चौकापलीकडे आहे. माझ्या दारापासून दोनशे चार पायऱ्या आणि मग सरळ रस्ता. बत्तूल म्हणते, तीही येणार, कारण भट्टीचा पहिला रोट तिचा होता आणि गुन्ह्यात तिचा वाटा तिला हवा आहे. तिला उतरायला दोन तास लागतील, तेवढी वाट पाहावी. गाडी पाठवू नये. आम्ही चालत येऊ.

आपली,
कोणाच्याही खांद्याविना उभी,

(सही)
मिलूदा बेनकद्दूर
पायऱ्यांचा मोहल्ला, ऐन लूझा
दि. १४ नोव्हेंबर २०२३